पिवळा टॅग आणि सहा दिवसांची मोहिनी

आधीच सांगतो, भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांपैकी मी नाही. मी इथले अनुभव जेवताना वाचतो आणि एकेकात चुका काढतो. "दिवा आपोआप विझला" — वायरिंग तपासलं का? "माळ्यावर पावलं वाजली" — उंदीर बघितले का? बायको म्हणते, तुमच्यासमोर खरंच भूत आलं तरी तुम्ही त्याला पाय उलटे आहेत म्हणून परत पाठवाल. पाठवीन! त्याच कामाचा पगार घेतो मी.

मी मिलिंद साळवे. वाळूज एमआयडीसीत दुचाकींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकरा वर्षांपासून क्वालिटी इन्स्पेक्टर. राहायला बजाजनगरला, दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराची खिडकी पाण्याच्या टाकीकडं. आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवसापासून आमच्या घरात भानामती, उतारा, लिंबू-मिरची यांना उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. लहानपणी मी अंधाराला भ्यायलो की बाबा हातात टॉर्च द्यायचे आणि म्हणायचे, जा, तपासून ये. दर वेळी तिथं काहीच नसायचं.

तरीही गेल्या उन्हाळ्यात सहा दिवस माझ्यासोबत जे झालं ते... झालं. मी ते सगळ्या बाजूंनी तपासलंय. हसायचं त्यांनी खुशाल हसा, मीही आता हसतो. तेव्हा मात्र मी रडलो होतो, आणि तेही ड्यूटीवर.

आम्ही दर रविवारी दुपारी एक खेळ खेळतो. पत्ते नाहीत, कॅरम नाही — टेबलटॉप रोलप्लेइंग. म्हणजे एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि पात्राला एखादं काम जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. गोष्ट सांगणारा इरफान. आमच्याच कंपनीत टूल रूमला आहे, राहतो रोशन गेटजवळ. खेळाच्या सोंगट्याही त्यानंच भंगारातल्या पितळी तुकड्यांतून घडवल्यात, मिशीसकट. खेळणारे आम्ही तिघं: मी, माझी बायको सुजाता — ती शाळेत विज्ञान शिकवते आणि खेळात चोर असते — आणि प्रल्हाद काळे.

काळे म्हणजे आमच्या कंपनीतला प्रॉडक्शन सुपरवायझर. मूळचा करमाडचा, शेती भाऊ बघतो, हा इथं बजाजनगरला भाड्यानं राहतो. आता ज्यांनी कारखाना बघितलाय त्यांना क्वालिटी आणि प्रॉडक्शन यांचं नातं सांगायला नको. सासू-सून बऱ्या. त्याचं काम माल बाहेर काढायचा, माझं काम तो अडवायचा. सोमवार ते शनिवार आम्ही एकमेकांच्या नावानं बोटं मोडतो आणि रविवारी एका ताटात भेळ खातो. असं आठ वर्षं चाललंय.

तर या खेळात कंडिशन नावाचा प्रकार असतो. पात्राला काही झालं की त्याला कंडिशन लागते — आंधळा, बहिरा, भेदरलेला, जखडलेला, पडलेला, मोहित... प्रत्येकीचे नियम ठरलेले. पडलेला असेल तर उठण्यातच अर्धी चाल खर्च होते. भेदरलेला असेल तर ज्याला भ्यायला त्याच्या दिशेनं एक पाऊलही टाकता येत नाही. आणि मोहित — हे नीट वाचा — मोहित झालेला माणूस मोहिनी घालणाऱ्याचं कुठलंही नुकसान करू शकत नाही. त्याचा हुकूम मानलाच पाहिजे असं नाही. फक्त नुकसान करता येत नाही, एवढंच.

अडचण अशी व्हायची की कुणाला कोणती कंडिशन लागलीय हेच आम्ही विसरायचो. आंधळा झालेला काळे खुशाल बाण मारायचा. मग मी कंपनीची पद्धत आणली. आमच्याकडं संशयास्पद मालाला पिवळा टॅग बांधतात. टॅगवर कारण, खाली बांधणाऱ्याची सही आणि सगळ्यात खाली सोडणाऱ्याची सही आणि वेळ. फॉरमॅट बदलल्यामुळं जुन्या टॅगांचा गठ्ठा भंगारात निघाला होता, तो मी लेखी परवानगी घेऊन घरी आणला. कंडिशन लागली की सोंगटीच्या गळ्यात टॅग. आणि नियम कंपनीचाच: ज्यानं टॅग बांधला, त्यानंच सही करून सोडायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. टॅग सुटेपर्यंत कंडिशन चालू.

"अरे मियाँ, खेल में भी ऑडिट लाया क्या तू?" इरफान वैतागला होता. त्याच्या कायम खिशात असणाऱ्या वहीत प्रत्येक कंडिशन कशी उतरते हे वेगवेगळं लिहिलेलं होतं. मी म्हणालो, सिस्टिम एकच असावी. आज वाटतं, त्याचं ऐकायला हवं होतं.

त्या रविवारी आमची टोळी दरीवरच्या एका लाकडी पुलाशी आली. माझं पात्र म्हणजे सात फुटी योद्धा, हातात कुऱ्हाड. मी म्हणालो, पूल तपासल्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. मी एकेक फळी ठोकून बघायला सुरुवात केली. इरफान बिचारा दर फळीला फासा टाकत होता. सुजातानं मध्ये चहा केला, तो पिऊनही झाला.

"आरं साळवे, मागून राक्षस येऊ लागलेत!" काळे ओरडला.

"येऊ देत. तेराव्या फळीला चीर वाटते."

"तुला रविवारी बी सुट्टी नाय का रं?"

"चीर म्हणजे चीर. वार बघून पडत नाही."

काळेचं पात्र मांत्रिक. त्यानं कपाळावर हात मारला आणि इरफानला सांगितलं, ह्या गड्यावर मोहिनी टाकतो मी, तवाच हा पूल सोडंल. मोहिनीतून वाचायला मला फासा टाकून मोठा आकडा काढायचा होता. टाकला. दोन पडले. सुजाता टाळ्या वाजवायला लागली. काळेनं मोठ्या ऐटीत पिवळा टॅग घेतला, त्यावर "मोहित" लिहिलं, सही ठोकली आणि माझ्या योद्ध्याच्या गळ्यात बांधला.

तेवढ्यात खालून आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!"

आमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं ते ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. चौघंही उठलो. पिंप, बादल्या, पातेली, कुकर, इरफानचा जेवणाचा डबा... जे पोकळ दिसलं ते भरलं. तासाभरानं सगळे चिंब होऊन बसलो तेव्हा खेळायचा कुणात दम नव्हता. इरफाननं सोंगट्या होत्या तशा पेटीत भरल्या, मी पेटी माळ्यावर टाकली. टॅग सोडायचा राहिला हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, हे लिहिताना मला अजून लाज वाटते.

सोमवारी सकाळी काळे एक पार्ट घेऊन माझ्या टेबलाशी आला. लेबल तिरकं लागलं होतं. तो नेहमीसारखा भांडायच्या तयारीनं, बाह्या सरसावून आला होता. मी "परत ने" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं?

"सुंदर आहे रे, काळे. तिरकं आहे म्हणून उठून दिसतं."

काळे दोन पावलं मागं सरकला. "बरं वाटत नाय का तुला?"

मलाही तेच वाटलं. उन्हाळा आहे, पित्त झालं असेल. पण तासाभरात इरफाननं केलेलं एक जिग, म्हणजे पार्ट पकडून ठेवायचं साधन, माझ्याकडं आलं आणि ते मी दोनदा परत पाठवलं, नेहमीच्या आवाजात. म्हणजे बिघाड सगळीकडं नव्हता. काळे समोर आला की व्हायचा. मंगळवारी मी त्याच्या पेंटवरच्या ओरखड्याला "नक्षी" म्हणालो. बुधवारी तर हद्द झाली... कँटीनमध्ये त्याच्या चहात साय आली, तर मी माझा कप त्याच्यापुढं सरकवला आणि त्याची साय स्वतः पिऊन टाकली. मला सायीनं मळमळतं! अख्ख्या शॉपनं, म्हणजे आमच्या विभागानं, बघितलं. नशीब एवढंच, की त्या दिवसांत अडवण्यासारखं जे आलं ते दिसण्यापुरतंच होतं, कुणाच्या जिवाशी खेळ नव्हता.

त्या संध्याकाळी मी सुजाताला सगळं सांगितलं. विज्ञानाच्या बाई त्या, लगेच वही काढून बसल्या. काळेला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"भाऊजी, यांना सांगा, एका पायावर उभे राहा."

"काहून ओ वहिनी?"

"सांगा तर."

"साळवे, एका पायावर उभा राहा."

"वेड लागलंय का तुला?" मी म्हणालो. अगदी सहज.

सुजातानं वहीत नोंद केली. "आता म्हणा, उभा राहिला नाहीस तर मला वाईट वाटेल."

काळेनं म्हटलं, आणि माझा डावा पाय उचलला गेला. मी उचलला असं म्हणू शकत नाही. तो गेला. पुढं त्या दोघांचं उन्हाळी सुट्टी, करमाडचे आंबे, पाण्याचा टँकर असं बोलणं निघालं आणि मी खिडकीला धरून बगळ्यासारखा उभा. पाय खाली आला तो फोन बंद झाल्यावर.

"तुम्ही त्यांचं ऐकत नाही आहात," सुजाता म्हणाली. "तुम्हाला त्यांना दुखवता येत नाही. यात फरक आहे..." आणि ती बोलता बोलता थांबली. मग दोघांनीही एकदम माळ्याकडं बघितलं.

पेटी काढली. सात फुटी योद्धा उताणा पडला होता आणि गळ्यात पिवळा टॅग. मोहित. बांधणाऱ्याची सही: P. Kale. सोडणाऱ्याची जागा कोरी.

सुजातानं सरळ कात्री आणली. मी ती तिच्या हातातून हिसकावली आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. "दुसऱ्याचा टॅग कापायचा नसतो!" असं मी आतून ओरडत होतो म्हणे. हे मोहिनीमुळं झालं की अकरा वर्षांच्या सवयीमुळं, हे मला आजही ठरवता येत नाही. सुजाताच्या मते दोन्हींत काही फरक नाही.

मग तिनं पुन्हा काळेला फोन केला. भाऊजी, आत्ता या आणि टॅग सोडा. काळे इतका हसला की त्याला ठसका लागला.

"वहिनी, तुमी शिकलेली मान्सं, आन असल्यावर इश्वास ठिवता?"

"ठेवत नाही. पण या आणि सोडा."

"रविवारी सोडतो की. आवं, आठ वर्षांत पैल्यांदा हा माणूस माझ्याशी गोड बोलू लागलाय. चार दिवस भोगू द्या मला." मग आवाज खाली आला. "आन खरं सांगू का, शनिवारी शिफ्ट इन्चार्ज ठरणार हाय. ह्या हप्त्यात माझा एक बी पार्ट परत आला नाय. एवढा शनिवार जाऊ द्या."

सुजाता मला म्हणाली, रजा टाका. मी अर्ज लिहिलाही. पण दुसऱ्या दिवशी काळे सहज बोलून गेला की तू नसला तर बदलीवाला इन्स्पेक्टर माझा माल अडवील. झालं! अर्जाचा बोळा करून खिशात टाकला आणि कामाला लागलो.

शनिवारी सकाळी ब्रेक पेडलच्या ब्रॅकेटचा लॉट तयार होता. दुचाकीचा ब्रेक दाबतो तेव्हा पायाचा सगळा जोर ज्याच्यावर येतो, तो हा ब्रॅकेट. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. रात्रपाळीत प्रेसचा साचा बदलला होता, म्हणून मी नमुन्यादाखल पाच पार्ट घेतले आणि तडे दाखवणारा लाल रंग लावून तपासले. बाक दिलेल्या जागी बारीक लाल रेघ उमटली. केसाएवढी. पाचही पार्टांवर.

तडा होता. मला कळत होतं की तडा आहे. माझ्या डोक्यात सगळं स्वच्छ होतं — हा ब्रॅकेट कुठंतरी उतारावर, कुणाच्यातरी पायाखाली तुटणार. आणि काळे समोर उभा होता.

"छान," मी म्हणालो आणि पेन उचललं. तपासणी अहवालाची चार पानं असतात. प्रत्येक पानावर सही लागते, हा नियम मीच आणलेला.

काळेनं वाकून बघितलं. त्याचं हसू मावळलं. "साळवे, हे काय हाय?"

"रेघ आहे."

"आरं तडा हाय तो! सही करू नगं!"

"आज तुझं ठरणार आहे, काळे. मी लॉट अडवला तर तुझं नुकसान होईल. ते मला जमत नाही."

"मी सोताच सांगतोय ना, अडव म्हणून!"

"तुझं मन मोठं आहे," मी म्हणालो आणि पहिल्या पानावर सही केली.

तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोंड गोड बोलत होतं, हात सही करत होता आणि आतला मी रडत होतो. काळेनं ते बघितलं. मला वाटतं, त्याला पहिल्यांदा खरं वाटलं ते त्या क्षणी.

तेवढ्यात प्लँट हेड साहेब आले. "गाडी का थांबलीय?"

"सर, माझा लॉट थांबवा," काळे म्हणाला. "बाकावर तडा हाय."

साहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं, की जणू बैलानंच नांगरायचं आहे म्हणून हट्ट धरलाय. "क्वालिटी काय म्हणते?"

"ओके आहे सर," मी डोळे पुसत म्हणालो.

"हे बघा सर, लाल रेघ..." काळेनं पार्ट उचलला. पण ते पाचही पार्ट मी आधीच फडक्यानं लख्ख पुसून ठेवले होते. साहेब म्हणाले, इतक्या वर्षांत क्वालिटी ओके म्हणतेय आणि प्रॉडक्शन नाही म्हणतंय असं कधी बघितलं नाही, उन्हाचा त्रास होत असेल तर पाणी प्या. आणि ते वळून ड्रायव्हरला माल भरायच्या खुणा करायला लागले. मी दुसऱ्या पानावर सही केली.

काळेनं टूल रूमला फोन लावून इरफानला घाईघाईनं सगळं सांगितलं. इरफान इतका मोठ्यानं बोलतो की मला सगळं ऐकू येत होतं.

"टॅग निकाल ना उसका!"

"टॅग बजाजनगरला हाय, माळ्यावर! दुसरं काय लिव्हलंय तुझ्या वहीत, लवकर सांग!"

"रुक... मोहित... मोहित... हां! जिसने मोहिनी डाली, वोइच उसकू इजा पोचाया तो मोहिनी खतम."

"म्हंजे?"

"म्हंजे मार उसकू!"

काळे फोन धरून उभा राहिला. कंपनीत हात उचलणं म्हणजे सरळ घरी. गेटवरच्या फलकावर लाल अक्षरांत लिहिलेलं आहे. साहेब दहा पावलांवर होते. त्यानं साहेबांच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तिसऱ्या पानावर सही करत होतो आणि नाकातून पाणी अहवालावर पडत होतं.

"माफ कर रं भावा," तो म्हणाला, आणि त्यानं मला थोबाडीत मारली.

शेतकऱ्याचा हात आहे तो. माझा चष्मा वेल्डिंगच्या मशिनपर्यंत गेला. कानात शिट्टी वाजली आणि सहा दिवस घशात अडकलेला शब्द एवढ्या जोरात बाहेर आला की म्हणे प्रेस शॉपमधले लोकही बाहेर आले.

"रिजेक्ट! अख्खा लॉट रिजेक्ट! गाडीला हात लावायचा नाही कुणी!"

मी पुन्हा लाल रंग लावला, साहेबांच्या नाकासमोर पार्ट धरले, पाचही. तीन पानांवरच्या सह्या एकेक रेघेनं खोडल्या आणि शेजारी कारण आणि वेळ टाकली — अहवाल फाडायचा नसतो. वेळ होती अकरा चाळीस. मग काळेकडं वळलो आणि म्हणालो, "आणि सोमवारच्या लेबलांचंही बघतो तुझ्या!"

काळे हसला. ते हसू बघून मला कळलं, आपण बरे झालो. पण साहेबांनी वळून बघितलं होतं, उशिरा, म्हणजे हात परत जाताना. त्यांनी विचारलं, हे काय होतं? काळेला तिथल्या तिथं घरी पाठवलं आणि सोमवारी एचआरसमोर हजर राहायला सांगितलं.

संध्याकाळी तो आणि इरफान आमच्या घरी आले. काळे टॅग सोडायला आला होता, उशिरा का होईना. सुजातानं आमच्यासमोरच माळ्यावरची पेटी काढली. ती सकाळी शाळेत होती, घराला कुलूप, किल्ली तिच्या पर्समध्ये. पेटी उघडली.

टॅग सुटलेला होता. तुटलेला नाही — गाठ सोडलेली, दोरा सरळ, योद्ध्याच्या शेजारी व्यवस्थित ठेवलेला. आणि सोडणाऱ्याच्या जागी सही: P. Kale. वेळ: ११.४०.

मी टॅग खिडकीशी नेला, भिंग काढलं. काळेकडून कोऱ्या कागदावर दहा सह्या करून घेतल्या आणि शेजारी ठेवून बघितल्या. K ची शेपटी, P चा पोट सुटलेला गोल, पेनाचा दाब... मी इन्स्पेक्टर म्हणून सांगतो, ती सही त्याचीच आहे. "मी वरची सही केली व्हती रं, बांधताना," काळे म्हणत राहिला. "खालची नाय. आईशप्पथ नाय." अकरा चाळीसला तो माझ्यासमोर उभा होता, हे अख्ख्या शॉपनं बघितलंय. इरफाननं तीनदा "या अल्ला" म्हटलं आणि तेव्हापासून तो त्या पेटीला हात लावत नाही, सोंगट्या मलाच मांडायला लावतो.

मी बाबांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, कुलूप तपासलंस का? तपासलं होतं. ठीक होतं.

सोमवारी एचआरच्या केबिनबाहेर बाकावर काळे बसलेला. शिफ्ट इन्चार्ज शनिवारीच दुसरा कुणी झाला होता, त्याचं तो नावही काढत नव्हता. रविवारी करमाडला जाऊन भावाला सांगून आला होता म्हणे, की मी परत येतोय, दोन एकर माझ्याकडं दे. मुलींच्या शाळेचं काय करायचं ते बायकोशी बोलणं चालू होतं. आणि हे सगळं तो मान खाली घालून, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगत होता.

"खरं हाय तेच लिही, साळवे," तो म्हणाला. "मारलं तर मारलं. तुझ्या हातनं खोटं जात नाय, आन माझ्यापायी जाऊ बी नये."

आत मॅडमनी छापील फॉर्म पुढं केला. मारहाण झाली का? हो / नाही. सविस्तर लिहा. मी लिहिलं आणि कागद फिरवून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"नाही. माझ्या गालावर गांधीलमाशी बसली होती. श्री. काळे यांनी प्रसंगावधान राखून ती हाकलली."

मॅडमनी माझ्या गालाकडं बघितलं. दोन दिवस झाले तरी चार बोटं स्पष्ट दिसत होती. सकाळी आरशात मी स्वतः मोजली होती.

"गांधीलमाशी कुठे आहे?"

"उडून गेली."

"मोठी होती का?"

"खूपच," मी म्हणालो.

मग त्यांनी खाली शिक्का मारला आणि काळेला ड्यूटीवर जायला सांगितलं.

बाहेर येऊन मी त्याला कागदाची प्रत दिली. त्यानं ती दोनदा वाचली, ओठ हलवत. मग माझ्याकडं बघत राहिला, डोळे भरलेले. "तुझी मोहिनी उतरली नाय व्हय रं अजून?"

उतरली होती. मी त्याला तिथंच सांगितलं, तुझा आज सकाळचा लॉट माझ्या टेबलावर आहे आणि त्यातले बारा पार्ट मी परत पाठवणार आहे. तो शिव्या देत शॉपकडं गेला.

टॅग कुणी सोडला, ते मला माहीत नाही. माझी जीभ, माझा पाय सहा दिवस कुणाच्या ताब्यात होते, तेही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर कळवा, मी तपासून बघीन. पण एचआरच्या त्या कागदाबद्दल मला काही विचारू नका. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी धडधडीत दिसत असलेली गोष्ट नाही म्हणून लिहून दिली, खाली सही केली, आणि तेव्हा माझ्या गळ्यात कुणाचाही टॅग नव्हता.